कोन्स्वेग्राचा रकाना

"नॉट रिलेटेड," असं पुटपुटत रिअनने ते टाइप केलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग रात्री घरात नेमकं कोण असतं?"

मी तो प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारला. पाठीशी उशी घेऊन बसलेल्या रेमेदिओसबाईंनी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. "कोन मी कोन्स्वेग्रा मे आपान्यो." म्हणजे, माझ्या कोन्स्वेग्राबरोबर माझं भागतं.

मंगळवार होता, सकाळचे अकरा. कार्डिफमधल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डाच्या टोकाला एक छोटी खोली आहे, तिथे मोडक्या व्हीलचेअर ठेवतात आणि मीटिंगाही घेतात. रिअन त्या वॉर्डाची डिस्चार्ज कोऑर्डिनेटर. पेशंट बरा झाला की त्याला कुठे, कसं आणि कोणाच्या भरवशावर पाठवायचं, हे ठरवणं तिचं काम. रेमेदिओसबाईंचं वय एक्याऐंशी. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. वॉकर धरून त्या चार पावलं टाकत होत्या, पण रात्री उठून टॉयलेटला जायला कोणाचा तरी हात लागणार होता. दिवसा चार वेळा सरकारी केअरर येऊ शकत होत्या. रात्रीचं माणूस घरचंच हवं. ते नसेल तर केअर होममधली तात्पुरती जागा, आणि रिकामी जागा एकच होती, व्हॅलीज नावाच्या डोंगराळ भागातल्या एका गावात, दोन बस बदलून दीड तासावर. तिथे स्पॅनिश बोलणारं कोणी नव्हतं, आणि बाईंना इंग्रजीत फक्त थँक्यू, सॉरी आणि बसचा नंबर येत होता.

मी त्यांची इंटरप्रिटर. मूळची नागपूरची. पुण्यात स्पॅनिश शिकले, एका सॉफ्टवेअर कंपनीत स्पेनमधल्या कस्टमरांचे फोन घेत सहा वर्षं काढली आणि नवऱ्याच्या नोकरीपायी वेल्सला आले. इथे डिप्लोमा केला. हॉस्पिटलात स्पॅनिश बोलायला मराठी बाई आलेली बघून पेशंटांना पहिली दोन मिनिटं नवल वाटतं, मग त्यांना त्यांचं दुखणं आठवतं.

आमच्या धंद्याचे नियम कडक असतात. पेशंट म्हणाला, "माझा गुडघा दुखतो," तर मीही "माझा गुडघा दुखतो" असंच म्हणायचं. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही. फक्त एक सवलत आहे, तिला कल्चरल नोट म्हणतात. एखादी गोष्ट भाषेमुळे नाही तर रीतीभातीमुळे अडली असेल, तर हात वर करून "आता इंटरप्रिटर स्वतः बोलतेय" असं सांगायचं आणि दोन वाक्यांत ती रीत समजावायची. मला काम देणाऱ्या एजन्सीच्या ट्रेनिंगमध्ये यावर अर्धा दिवस खर्च केला होता. मला तो अर्धा दिवस फार आवडला होता, आणि माझा घोळही तिथेच झाला.

"कोन्स्वेग्रा हे कोणाचं नाव आहे का?" रिअनने सुरुवातीलाच विचारलं होतं. "नोट्समध्ये कोणीतरी फ्रेंड लिहिलंय, दुसऱ्या पानावर नेबर लिहिलंय."

"नाव नाही, नातं आहे. मुलीच्या नवऱ्याची आई."

एबरडीनहून स्पीकरफोनवर असलेली मुलगी पिलार इंग्रजीत म्हणाली, "एक्स-हजबंडची. आमचा डिव्होर्स होऊन नऊ वर्षं झाली."

रिअनने हात कीबोर्डवरून उचलले. "म्हणजे बाई आपल्या मुलीच्या घटस्फोटित नवऱ्याच्या आईबरोबर राहतात?"

"हो," पिलार म्हणाली. "मला विचारू नका. मी त्या दोघींपुढे कधीच हात टेकले."

तेव्हाच रिअनने ते "नॉट रिलेटेड" टाइप केलं. इंग्रजीत या नात्याला शब्द नाही. 'माझ्या मुलीच्या सासूबाई' असं लांबण लावून सांगावं लागतं, आणि घटस्फोट झाल्यावर तर ते लांबणही संपतं. पण मला शब्द माहीत होता. माझ्याकडे तो जन्मापासून होता. कोन्स्वेग्रा म्हणजे विहीण! स्पॅनिश शिकताना तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मला कोण आनंद झाला होता. वर्गात सगळ्यांनी आपापल्या घरच्या विहिणींचे किस्से सांगून शिकवणाऱ्या बाईंचा तास संपवला होता.

त्या आनंदातच मी हात वर केला.

"आता इंटरप्रिटर बोलतेय. स्पॅनिशमध्ये या नात्याला स्वतंत्र शब्द आहे. हे नातं मानाचं असतं, थोडं औपचारिक. दोन घरं एकमेकांशी जपून वागतात. अशा व्यक्तीकडून टॉयलेटला नेण्यासारखी सेवा घेणं बाईंना अवघड वाटत असेल, आणि त्या व्यक्तीला नाही म्हणणंही."

दोन वाक्यांच्या जागी चार झाली. रिअनने मान डोलावली. "थँक यू, दॅट्स रिअली हेल्पफुल." तिने लिहिलं: रात्रीची सोय, अनिश्चित. मग बाईंना विचारलं, केअर होम चालेल का? बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही सगळे शिकलेले आहात. मला कोणाच्या गळ्यात पडायचं नाहीये." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. बुधवारी दुपारी चारला गाडी ठरली.

आता ही कल्चरल नोट मी कुठून आणली, ते सांगायला हवं. ती आली आमच्या घरातून. लग्नात माझी आई माझ्या सासूबाईंपुढे दोन दिवस बसलीसुद्धा नव्हती. दोघी नागपुरातच राहतात, धरमपेठ आणि प्रतापनगर, रिक्षाने वीस मिनिटं. तरी एकमेकींकडे जायचं तर आधी फोन, मग डबा, मग ओटी. तीन वर्षांपूर्वी आम्ही हौसेने दोघींना एकदमच कार्डिफला बोलावलं. दहा दिवस आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अहो-जाहोचा पूर आला होता. आई मला किचनमध्ये गाठून विचारायची, "विहीणबाईंना चहा आवडला का, जरा विचार ना." चहा सासूबाईंनी केलेला असायचा. कप कोणी विसळायचा यावर रोज नम्र मारामारी. त्यांना परत पाठवून मी सोफ्यावर आडवी झाले आणि नवऱ्याला म्हणाले, विहिणींना एका छपराखाली ठेवणं हा गुन्हा आहे.

तर ही माझी तज्ज्ञता. ती मी सगळीच्या सगळी स्पेनला लावून टाकली होती.

बुधवारी माझं दुसरं काम त्याच मजल्यावर होतं. दोन वाजता ते उरकून मी लिफ्टकडे निघाले तेवढ्यात सिस्टरने हाक मारली. "मेधा, पाच मिनिटं येतेस? रेमेदिओसच्या व्हिजिटरला गाडीचं सांगायचंय. ती रोज दोनला येते, आणि आम्ही रोज एकमेकींकडे बघून हसतो."

पडद्याआड एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई रेमेदिओसबाईंचा पाय मांडीवर घेऊन नखं कापत होती. तोंडाचा पट्टा चालू होता. हीच एनकार्ना, म्हणजे कोन्स्वेग्रा. वय शहात्तर.

"पाय हलवू नकोस, कोन्स्वेग्रा. अंगठा जाईल."

"जाऊ दे. तू मागच्या वेळी निम्मा नेलासच."

"मग स्वतः वाक आणि काप."

माझे पाय दारातच थबकले. दोघी एकमेकींना अगं-तुगं करत होत्या. स्पॅनिशमध्येही तू आणि तुम्ही असा फरक आहे. आणि दोघी एकमेकींना नावाने हाक मारत नव्हत्या, हाक कोन्स्वेग्रा अशीच होती, दोन्ही बाजूंनी. माझ्या आईने सासूबाईंना "अगं विहीण, पाय हलवू नकोस" असं म्हटल्याची मी कल्पना करून बघितली. होईना.

मी ओळख करून दिली आणि सिस्टरचं सांगणं सांगितलं. चार वाजता गाडी, केअर होम, गावाचं नाव, सहा आठवडे, नंतर पुन्हा बघू.

एनकार्नाने नेलकटर मिटलं. "का?"

"रात्री बघायला घरात कोणी नाही म्हणून," सिस्टर म्हणाली. मी तेच स्पॅनिशमध्ये सांगितलं.

"मी कोण आहे मग? कपाट?" एनकार्ना उठून उभी राहिली. "मला कोणी विचारलं? इतके दिवस रोज येतेय. कोणी विचारलं मला?"

मी सगळं इंग्रजीत केलं, कपाटासकट. सिस्टर ओशाळली. म्हणाली, "काल मीटिंगमध्ये असं निघालं की या नात्यात अशी सेवा करणं योग्य दिसत नाही. तशी कल्चरल नोट आहे फाइलमध्ये." हे वाक्य आता मलाच स्पॅनिशमध्ये सांगायचं होतं. गाळायचं नाही, हा नियम. मी सांगितलं.

मग रेमेदिओसबाईंनी हळूच विचारलं, "असं कोण म्हणालं?"

"मी म्हणाले," मी उत्तर दिलं. सिस्टरकडे वळून तेही इंग्रजीत सांगितलं. "आमच्याकडे भारतात ते नातं तसं असतं. तुमच्याकडे कसं असतं ते मी विचारलं नाही. चुकलं माझं."

एनकार्ना परत खाली बसली. राग ओसरला नव्हता, पण तिला आता कुतूहलही वाटायला लागलं होतं. "तुमच्याकडे या नात्याला शब्द आहे?"

"आहे. विहीण."

"बि-ई-न," तिने म्हणून बघितलं. "आणि त्या काय करतात?"

"एकमेकींना मान देतात."

"आणि पडल्यावर?"

मी सिस्टरसाठी तो प्रश्न इंग्रजीत केला.

मग तिने मला ऐकवलं. नात जन्मली तेव्हा पिलार आणि एनकार्नाचा मुलगा, दोघंही कार्डिफमध्ये शिफ्टवर काम करत होते. बाळ सांभाळायला एका वर्षी ही आजी आली, दुसऱ्या वर्षी ती. मग दोघी राहिल्याच. दोघींचेही नवरे गेलेले होते, गावाकडे कोणी वाट बघत नव्हतं. एनकार्नाच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला रेमेदिओसने तिला महिनाभर आंघोळ घातली. पुढे मुलांचं मोडलं. मुलगी एबरडीनला गेली, मुलगा लीड्सला. नात आता शिकायला बाहेर आहे. घर या दोघींनी ठेवलं.

मला राहवेना. मी सिस्टरची परवानगी घेऊन माझा स्वतःचा प्रश्न विचारला. "मुलांचा घटस्फोट झाल्यावरही कोन्स्वेग्रा म्हणतात?"

"नातीला अजून दोन आज्या आहेत ना?" एनकार्ना म्हणाली. "मग त्या दोन आज्या एकमेकींच्या कोण?"

"गावाकडे काही जण नाही म्हणत," रेमेदिओसबाई मध्येच म्हणाल्या. "माझ्या बहिणीची कोन्स्वेग्रा तर लग्नातच बोलायची बंद झाली. सगळीकडे असंच असतं असं लिहू नकोस आता."

मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. माझ्या ट्रेनिंगच्या अर्ध्या दिवसात मला जे कळलं नव्हतं, ते त्यांनी नखं कापून घेताना सांगितलं होतं. डिक्शनरीत कोन्स्वेग्राचा अर्थ एका ओळीत आहे आणि तो बरोबर आहे. माझं भाषांतरही बरोबर होतं. पण त्या घरात तो शब्द कसा वापरतात, ते त्या घरालाच ठाऊक होतं.

अडीच वाजले होते. गाडी चारला.

आधी मी एजन्सीत फोन केला. माझी मॅनेजर हेलन. तिला सगळं सांगितलं.

"पेशंटला विचारल्याशिवाय नोट दिलीस?"

"हो."

"का?"

"मला वाटलं, मला माहितीये."

"लेखी पाठव. इन्सिडेंट फॉर्म भर. पण आधी वॉर्डला सांग, फॉर्म नंतर."

रिअन तिच्या टेबलाशी सँडविच खात होती. मी उभ्यानेच बोलले. "कालची माझी नोट फाइलमधून काढ. ती चूक आहे. ती माझी कल्चर होती, त्यांची नाही. पेशंट तीन वेळा सांगत होती की तिचं त्या बाईबरोबर भागतं, आणि मी त्यावर माझं घालून ते पातळ केलं."

रिअनने सँडविच खाली ठेवलं. "गाडी बुक झालीये, मेधा. तिकडची जागा आज घेतली नाही तर जाईल. आणि ही बाई शहात्तरची. रात्री हिच्याच्याने नाही झेपलं तर दोघी पडतील. मग मी काय लिहू?"

ती बरोबर बोलत होती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी म्हणाले, "काय लिहायचं ते मी सांगत नाही. मी आता काहीच सांगणार नाही. तू त्यांना विचार, मी फक्त भाषांतर करते."

रिअनने घड्याळ बघितलं, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टला फोन लावला. घरी रोजच्या हालचाली जमतील का, याची परीक्षा घेणारी ती बाई. तीन वाजता आम्ही सगळ्या पलंगाभोवती उभ्या होतो. थेरपिस्टने एनकार्नाला सांगितलं, समजा रात्र आहे, यांना उठवून खुर्चीवर न्या.

ही ठेंगणी बाई जरा जरी लटपटली असती तर चारच्या गाडीला कोणी अडवू शकलं नसतं.

एनकार्नाने चष्मा सारखा केला. आधी वॉकर जवळ ओढला, मग चपला पायात सरकवल्या, मग पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "कोन्स्वेग्रा, बैल उठवायचाय." रेमेदिओसबाईंनी एक हात पलंगावर रोवला, दुसरा वॉकरवर ठेवला आणि स्वतःच्या जोरावर उठल्या. एनकार्नाने त्यांना ओढलं नाही. तिने फक्त कमरेमागे तळवा धरला आणि एक, दोन, तीन मोजलं. आठ पावलं, खुर्ची, आठ पावलं परत.

"हे यांना कोणी शिकवलं?" थेरपिस्टने विचारलं.

मी विचारलं. एनकार्ना म्हणाली, "इतके दिवस दुपारी तुमच्या फिजिओकडे बघतेय की. बघायला इंग्रजी लागत नाही."

थेरपिस्ट हसली. म्हणाली, पलंगाला धरायला दांडी हवी, कमोड खुर्ची हवी, आणि पहिला आठवडा संध्याकाळची केअरर उशिराची हवी. ते सगळं शुक्रवारपर्यंत जमणार होतं. रिअनने गाडी रद्द केली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. मुख्य केअररचं नाव. फोन नंबर. आणि मग नात्याचा रकाना. त्यात निवडायला नवरा-बायको, मूल, पालक, भावंडं, मित्र, शेजारी आणि 'इतर' एवढंच होतं. तिने 'इतर' निवडलं. पुढे मोकळी जागा आली.

"स्पेलिंग सांग," ती म्हणाली.

मी एकेक अक्षर सांगितलं. तिने टाइप केलं आणि त्या शब्दाकडे बघत बसली. "वेल्शमध्ये आहे का असा शब्द? मॅमला विचारते." मॅम म्हणजे तिची आई. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "मॅम म्हणाली, शब्दाचं माहीत नाही, पण तुझ्या सासूशी माझं बोलणं बंद आहे." मी ते कुठेही कल्चरल नोट म्हणून वापरलं नाही.

शुक्रवारी रेमेदिओसबाई घरी गेल्या. सहा आठवड्यांनी फॉलो-अपला पुन्हा माझीच ड्युटी लागली. वेटिंग रूममध्ये दोघी शेजारी शेजारी, मध्ये वॉकर. एकदाही पडल्या नव्हत्या. रात्रीच्या उठण्यावरून मात्र भांडण चालू होतं, कारण एनकार्नाचं म्हणणं होतं की हिला आता एकटीने जाता येतं, ही मला उगाच उठवते. रेमेदिओसबाईंनी माझा हात धरून कानाशी सांगितलं, "खरं आहे ते. डॉक्टरला सांगू नकोस."

माझा नियम त्यांना माहीत नव्हता. नशिबाने डॉक्टर अजून आत होते.

त्या शनिवारी सकाळी मी आईला फोन केला. हवापाणी झालं. मग मी विचारलं, "आई, समजा तू पडलीस, तर विहीणबाई येतील का गं तुझं करायला?"

"येतील म्हणजे? आल्या होत्या की. मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं झालं तेव्हा आठ दिवस इथेच राहिल्या ना. डोळ्यात थेंब घालायच्या, केस विंचरून द्यायच्या. त्यांचा गुडघा धरला होता तेव्हा मी गेले होते तिकडे."

मी खुर्चीत बसले. "मला सांगितलं नाहीस?"

"आम्ही दोघींनी ठरवलं होतं, नाही सांगायचं. तू घाबरतेस. लगेच त्यांना सॉरी म्हणायला फोन केला असतास."

"पण कार्डिफला तर तुम्ही दोघी..."

"तिथे तुझं घर होतं, मेधा. तू आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत उभी असायचीस, मग आम्हीही नीट वागायचो."

माझ्या दुसऱ्या हातात नवऱ्याचा फोन होता, आणि त्यावर मी सासूबाईंचा नंबर काढून ठेवला होता, सॉरी म्हणायला.

हल्ली मी कल्चरल नोट देण्याआधी पेशंटला विचारते, "तुमच्या घरी कसं असतं?" वेळ लागत नाही. मीटिंगही लांबत नाही. माझ्या घरी हा प्रश्न विचारायला मला लग्नानंतर सतरा वर्षं लागली.